वाचकांचे प्रश्न : किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात 1986 ते 2019 अशी 33 वर्षं ग्रंथपाल असलेल्या आमच्या अंबाजोगाईच्या ताई या महिन्यात ग्रंथालयात काम करणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शासनाच्या श्रेणीतल्या 'ब' वर्ग वाचनालयात दीड वर्षापूर्वी ग्रंथपाल म्हणून लागले. ग्रंथालयशास्त्रात बी.लिब. झालंय. पुस्तकं अकरा हजार. सभासद कागदावर 400, पण पुस्तक बदलायला येणारे साठ-सत्तरच. सगळी कपाटं कुलपात. वाचकाने खिडकीतून नाव सांगायचं आणि शिपाई काका आणून देतील ते घ्यायचं. मी मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडायची), मुलांसाठी कोपरा, व्हॉट्सॲपवर नव्या पुस्तकांची यादी असं बरंच सुचवलं. कार्यकारी मंडळापुढे 22 पानांचं सादरीकरण केलं. अध्यक्ष म्हणाले, "छान आहे, बघू." त्याला आठ महिने झाले. ज्येष्ठ लिपिक तोंडावर म्हणतात, "तुमच्या आधीपण शिकलेले आले होते." सदस्यांचं एकच पालुपद, "आपल्याकडे हे चालत नाही." वाचनकक्षात सकाळपासून स्पर्धा परीक्षेची मुलं बसलेली असतात, त्यामुळे बायका आत यायला बिचकतात. सुरुवात कुठून करू? की दुसरी नोकरी बघू?

उत्तर : नोकरी बघू नकोस. निदान या दिवाळीपर्यंत तरी नको. आणि मी तुला अगं-तुगं करतेय त्याचा राग मानू नकोस, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस.

बावीस पानं वाचून मला हसू आलं ते एवढ्यासाठी की 1991 साली मीही सात पानी टिपण लिहिलं होतं. टंकयंत्रावर, कार्बन लावून, तीन प्रती. मुक्तद्वार का हवं यावर. त्यात मद्रासचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन होते, त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे 1931 चे पाचही सिद्धांत होते, 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे तर अधोरेखित केलेलं. लंडनच्या क्लर्कनवेल भागातल्या वाचनालयाने 1894 मध्येच वाचकांना कपाटांपर्यंत जाऊ दिलं, हेही घातलं होतं. आमच्या कार्यवाह अण्णांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. पुढे तो सदरा धुवायला गेला असणार.

आमच्याकडे तेव्हा चौदा लाकडी कपाटं. चौदाही किल्ल्या शिपाई मामांच्या करदोड्याला. मामा बोळातून आले की आधी किल्ल्यांचा आवाज यायचा, मग मामा. वाचक खिडकीशी उभा राहून म्हणायचा, "मामा, काहीतरी ऐतिहासिक द्या." मामा आत जायचे आणि हाताला लागेल ते आणायचे, असं मला वाटायचं. ते तसं नव्हतं हे कळायला मला दोन वर्षं लागली. मामांची शाळा चौथीपर्यंत. लेखक-प्रकाशकाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण पुठ्ठ्याच्या रंगावरून आणि जाडीवरून पुस्तक ठाऊक. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाच्या सुनेला रडकं आवडत नाही, कुणाला बारीक अक्षर दिसत नाही, सगळं डोक्यात. आपण ज्याला वाचकसेवा म्हणून परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहितो ना, ती मामा कुलूप उघडता उघडता करत होते.

पण तोवर मी त्यांच्यावर चिडलेली. वाटायचं, किल्ल्या हाच यांचा मान, म्हणून सोडत नाहीत.

मग एका एप्रिलात दुपारी टँकरची वाट बघत आम्ही दोघं वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो. दोन रिकाम्या घागरी आणि आम्ही. बोलायला काही नव्हतं म्हणून मी परत कपाटांचा विषय काढला. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाई, मार्चात मोजदाद होती. जेवढी पुस्तकं कमी भरली, तेवढे पैसे मह्या पगारातून जातेत. औंदा एकशे चाळीस गेले. तुम्ही उघडा ना कपाटं. फकस्त मोजायच्या दिवशी मला बोलवू नका."

पगार त्यांचा तेव्हा महिन्याला चारशेच्या आत होता.

माझ्या सात पानांत लंडन होतं, मद्रास होतं. ते एकशे चाळीस रुपये नव्हते. मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून तुला पहिलं काम सांगते ते हे. तुझ्या वाचनालयात पुस्तक हरवलं तर भरतं कोण, ते शोध. नियमात काय लिहिलंय ते सोड, प्रत्यक्षात कुणाच्या खिशातून जातं? शिपाई काकांच्या, लिपिकाच्या, की वाचकाच्या अनामतीतून? नवं काही करा असं आपण फार सहज म्हणतो. ते फसलं तर भुर्दंड कुणाला, हे आधी ठरलेलं नसेल तर ज्याच्या डोक्यावर तो बसणार आहे तो माणूस हलत नाही. हलू नयेच त्याने. मीही हलले नसते.

आम्ही काय केलं सांगते. सात पानं बाजूला ठेवली आणि अण्णांच्या दुकानात गेले. अण्णांचं कापडाचं दुकान. गादीवर बसून एवढंच विचारलं, "अण्णा, वर्षाअखेर ताग्यांची मोजणी करता तेव्हा कापड बरोब्बर भरतं का हो?" ते म्हणाले, "छे! घट धरावीच लागते. कापताना जातं, उंदीर खातात, गडी चुकतो." मी म्हटलं, "मग पुस्तकांची घट का धरत नाही आपण? सगळी मामांकडून का घेतो?" अण्णा माझ्याकडे बघत राहिले. पुढच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव झाला : गहाळ पुस्तकांची किंमत कर्मचाऱ्याच्या पगारातून कापू नये, वर्षाला 25 पुस्तकांपर्यंतची तूट मंडळाला मान्य. हा 25 चा आकडा घासाघीस करून ठरला. मी 40 म्हणत होते, एक वकील सदस्य 10 वर अडून बसले होते.

तुला घासाघीस करायची गरज नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत 215 वा नियम आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते नुकसान वाजवी समजावं, फक्त त्यात कुणाची अप्रामाणिकता किंवा हयगय नसावी, असं त्यात आहे. दुर्मीळ किंवा हजार रुपयांवरच्या पुस्तकाची मात्र चौकशी करायची. हा नियम केंद्र सरकारी ग्रंथालयांसाठीचा, आपल्याला तो बांधील नाही. पण मंडळापुढे ठेवायला कागद भारी आहे. सरकारच पाच सोडतंय म्हटल्यावर वकिलाचंही तोंड बंद होतं.

ठराव झाल्यावर चौदा नव्हे, एकच कपाट उघडलं. तेही रोज नाही. मंगळवारी आमचा आठवडी बाजार, त्या दिवशी चार ते सहा. खेड्यांतून आलेली माणसं बाजार करून एसटीची वाट बघत असतात, तो वेळ. कपाट कोणतं उघडायचं ते मामांनीच निवडलं. खिडकीजवळचं तिसरं, कारण तिथे त्यांचं स्टूल मावत होतं. पहिल्या मंगळवारी कुणीच हात लावला नाही. लोक कपाटासमोर हात मागे बांधून उभे, देवळात गाभाऱ्यासमोर उभे राहतात तसे. मामांनीच एका बाईच्या हातात पुस्तक दिलं, "घ्या, उघडून तर बघा, चावत न्हाई." तीन महिन्यांत दोन पुस्तकं गेली. एक परत आलं, हळदीच्या बोटांसकट. पाच वर्षांत चौदापैकी अकरा कपाटं मोकळी झाली. किल्ल्यांचा जुडगा मात्र मामा निवृत्त होईपर्यंत कमरेला लावून फिरत. त्यातल्या तीनच किल्ल्यांना कुलपं उरली होती.

आता तुमचे ज्येष्ठ लिपिक. "तुमच्या आधीपण शिकलेले आले होते" हे वाक्य टोमणा म्हणून ऐकू नकोस, ती माहिती आहे. चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी जा आणि विचार, "ते आले होते त्यांनी काय केलं होतं? मग काय झालं?" मी पैज लावते, कुणीतरी उत्साहात ड्यूई दशांश या विषयवार वर्गीकरणाप्रमाणे पुस्तकांना नवे वर्गांक घालायला घेतले असतील, हजार-दोन हजार पुस्तकं झाली असतील, मग त्याला कॉलेजात नोकरी लागली असेल. मागे राहिले दोन तऱ्हेचे क्रमांक आणि ते निस्तरायला हे एकटे. माणूस नव्याला घाबरत नाही गं, अर्धवट सोडलेल्या नव्याला घाबरतो. तू नोकरी बदलायचा विचार करतेस हे त्यांना तुझ्या तोंडावर दिसतही असेल.

"आपल्याकडे हे चालत नाही" याचा मला मात्र खरोखर राग येतो. आपल्याकडे म्हणजे कुठे? निजामी राजवटीत सरकारी भाषा उर्दू होती, शाळा उर्दू, कचेरी उर्दू. तेव्हा मराठी वाचनालय काढणं हीच मोठी हिंमत होती. चार माणसं वर्तमानपत्र ऐकायला जमली तरी पोलिसांची नजर. मुक्तिसंग्रामातल्या कितीतरी कार्यकर्त्यांचा उठण्याबसण्याचा पत्ता म्हणजे गावचं वाचनालय. पुढे 1955 साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. महाराष्ट्राचा कायदा आला 1967 ला, म्हणजे बारा वर्षांनी. संतकवी दासोपंतांनी आमच्या अंबाजोगाईत कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनाही कुणीतरी म्हणालं असेल, की पंत, कापडावर चालत नाही.

असो. मंडळाची दुसरी भीती सरकारी तपासणीची. माझ्या 33 वर्षांत एकाही तपासणीत "कपाटं उघडी का?" असं कुणी विचारलं नाही. दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती), देवघेवीचे आकडे, हजेरी, पावत्या, हिशेब हेच बघतात.

अभ्यासाच्या मुलांशी भांडू नकोस. त्यांच्या घरी एका खोलीत पाच माणसं झोपतात, तुझी खुर्ची हीच त्यांची अभ्यासाची खोली. दुपारी तीन ते पाच खिडकीकडची दोन टेबलं बायकांसाठी, असा फलक त्यांनाच लिहायला सांग. त्यांच्यापैकी ज्याचं अक्षर चांगलं असेल त्याला. आपण लिहिलेला फलक पोरं पाळतात.

व्हॉट्सॲपवर यादी टाकू नकोस, यादी कुणी वाचत नाही. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो, खाली दोन ओळी, आणि 'सध्या जागेवर आहे'. बस.

आणखी एकच गोष्ट, मग तुला सोडते. एक दोनशेपानी वही घे आणि तिच्यावर 'नाही' असं लिही. कुणी काही मागितलं आणि आपण "नाही" म्हटलं की तारीख घालून त्यात लिहायचं. पुस्तक नाही, मासिक नाही, पंखा नाही, बायकांचं स्वच्छतागृह नाही, मुलांना बसायला जागा नाही. सगळं, जसंच्या तसं. माझ्या पहिल्या 'नाही' वहीत तीन महिन्यांत सर्वांत जास्त वेळा आलेली मागणी शेळीपालनाच्या पुस्तकाची होती आणि आम्ही कादंबऱ्या घेत बसलो होतो. ही वही घेऊन अध्यक्षांकडे जा. बावीस पानं घरी ठेव.

प्रश्न : आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वाचनालयास एका देणगीदाराने संगणक दिला. दोन वर्षं खोक्यातच आहे. ग्रंथपाल पन्नाशी ओलांडलेले, ते हात लावत नाहीत. एक जण सॉफ्टवेअर टाकून सर्व नोंदी करून देण्याचे 60 हजार मागतो आहे. द्यावेत का? — एक कार्यवाह

उत्तर : कार्यवाह साहेब, देऊ नका. आधी माझी फजिती ऐका.

2005 साली आम्हालाही असाच संगणक मिळाला. बारावी झालेल्या दोन मुली बसवल्या. त्या दिवसांत भारनियमन एवढं की दिवसा वीज दिसायचीच नाही. पोरी रात्री आठनंतर भावाला सोबत घेऊन यायच्या. सहा महिन्यांत नऊ हजार पुस्तकांच्या नोंदी झाल्या. पेढे वाटले. पुढच्या पावसाळ्यात वीज येता-जाता संगणक जळाला. त्यातून नोंदी कशाबशा काढल्या, तर त्या जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेल्या, नव्या संगणकावर नुसते ठिपके आणि चौकोन. 'ययाति' शोधायला गेलं तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. नऊ हजार नोंदी गेल्या. आणि त्या वेळी मंडळातला एकूणएक माणूस माझ्याकडे बघत होता. वाचवलं कुणी? आमच्या लिपिकांनी. त्यांना "आता हाताने लिहायचं बंद करा" असं मी बजावून सांगितलं होतं, पण त्यांनी गुपचूप दाखल नोंदवही चालू ठेवली होती. माझी सूचना त्यांनी मोडली म्हणून आमचं वाचनालय तपासणीत टिकलं.

तर, नोंदी कोणत्याही परिस्थितीत यूनिकोडमध्येच करा, म्हणजे अक्षरं कोणत्याही संगणकावर तशीच दिसतील. प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण वाचनालयाच्या इमारतीबाहेर. पहिल्या वर्षी सगळ्याच पुस्तकांच्या मागे लागू नका. देवघेवीत सतत फिरणारी पाचशे घ्या, त्यांच्यावर हात बसू द्या.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. कोहा नावाची प्रणाली फुकट आहे आणि कुणालाही वापरता येते. तिची जन्मकथा तुमच्या मंडळाला सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागात लहान गावांची काही वाचनालयं चालवणारा एक न्यास होता. 1999 साल संपत आलं तसं त्यांची जुनी संगणक प्रणाली 2000 सालची तारीख पेलणार नाही अशी धास्ती पडली. नवी महागडी परवडेना. त्यांनी स्वतःसाठी एक करून घेतली, जानेवारी 2000 मध्ये चालू केली आणि सगळ्या जगाला वाटून टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, परतफेडीची जाण असलेली भेट. आपल्या आहेर-रुखवतासारखंच म्हणा. मोठ्या विद्यापीठाला सुचलं नाही, तालुक्याच्या गावाला सुचलं. आपल्या सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय नावाची प्रणालीही आहे, त्याबद्दल जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा. कोहा बसवून द्यायला मात्र जाणता माणूस लागतो. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना गाठा, चहा-फराळात काम होईल.

आता तुमचे ग्रंथपाल. दाखल नोंदवही म्हणजे लेखापरीक्षणाचा कागद. त्यात एक खाडाखोड झाली तर सही करून खुलासा लिहावा लागतो, अशा शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलं. तुम्ही त्यांना अशा यंत्रापुढे बसवता जिथे एक कळ चुकली की ओळ नाहीशी. हात कसा लागेल? मंडळाचा ठराव करा : पुढचं एक वर्ष हाताने लिहिलेली नोंदवहीच खरी, संगणक हा सराव, त्यात झालेल्या चुकीला कुणीही जबाबदार नाही. मग खोकं त्यांनाच फोडू द्या.

आणि ते 60 हजार खर्चायची तयारी असेलच, तर त्यातला वाटा ग्रंथपालांना द्या. अनुदानातला निम्मा भाग वेतनाचा, त्यातून तुमच्या ग्रंथपालांच्या हाती किती पडतात ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही आहे. तेवढ्या पैशांत बाजारात सालगडी मिळत नाही, आणि आपण त्यांना 'नावीन्याचा स्वीकार करा' म्हणतो.

प्रश्न : गावातले प्रतिष्ठित लोक घर आवरताना जुनी पाठ्यपुस्तकं, गाइडं, फाटके दिवाळी अंक पोत्याने आणून देतात. नाही म्हणता येत नाही. काय करू?

उत्तर : घ्या, हसून घ्या. फक्त देणगीच्या पावतीवर एक ओळ छापून घ्या : 'कोणती पुस्तकं दाखल करायची हे ग्रंथपाल ठरवतील, बाकीची गरजूंना किंवा रद्दीत दिली जातील.' देणगीदाराची सही त्याखाली. दिवाळी अंक मात्र टाकण्याआधी एकदा चाळा. जुन्या अंकात आपल्या भागातल्या माणसांचं लेखन सापडतं, ते पुढे कुठेच मिळत नाही.

प्रश्न : ताई, आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात, वाचनालय 'ड' वर्गाचं. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं ते पार उन्हाळ्यात परत येतं. सहा महिने पुस्तकं धूळ खातात. टोळ्यांबरोबर पुस्तकं पाठवावीत असं माझ्या मनात आहे. मंडळातले म्हणतात, एकही परत यायचं नाही. तुमचं काय मत?

उत्तर : भाऊ, मंडळातले बरोबर बोलतात. फार थोडी परत येतील. तरी पाठवा.

तमिळनाडूत मन्नारगुडीला 1931 च्या ऑक्टोबरात बैलगाडीवर ग्रंथालय निघालं होतं, खेड्याखेड्यांतून फिरायला. आपल्याकडे तर बैलगाडी आधीच निघालेली असते. भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरं, सगळं तिच्यावर चढतं. एक पेटी आणखी.

मी 2012 साली दोन टोळ्यांबरोबर दोन पत्र्याच्या पेट्या पाठवल्या होत्या. जे चुकलं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. पहिली चूक, पेटी मुकादमाच्या नावावर दिली. वाटलं, जबाबदार माणूस आहे. पण टोळीतल्या माणसाच्या डोक्यावर मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आधीच असते. त्यात हे पुस्तकांचं खातं. एका बाईने मला नंतर सांगितलं, "ताई, फाटलं तर उचलीत धरतेल म्हणून आमी हातच लावला न्हाई." सहा महिने ती पेटी कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) बंद राहिली आणि चाळीसच्या चाळीस पुस्तकं कोरी परत आली. मंडळ खूश. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

म्हणून पेटी मुकादमाला देऊ नका. टोळीतल्या शाळा सुटलेल्या एखाद्या पोरीला द्या, आईबरोबर लहान भावंडं सांभाळायला जाते ती. अनामत नाही, सही नाही, दंड नाही. पाठवायची पुस्तकं देणगीतली काढा, त्यांची वेगळी यादी करा आणि मंडळाकडून निघायच्या आधीच मंजुरी घ्या, की ही खर्ची पडली असं धरून चालतोय. मग परत येईल ते वरकमाई. काय पाठवायचं म्हणाल तर मोठ्या अक्षरांची, चित्रांची. कोपीत संध्याकाळी उजेड किती असतो ते तुम्ही मला सांगायला नको. बारीक अक्षराची जाड पुस्तकं उशाला जातात. दोन पाढ्यांची, एक औषधपाण्याचं, एक जनावरांचं, आणि कोऱ्या वह्या व पेन्सिली. कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या मुलांची साखरशाळा असेल तर पेटी तिथे ठेवली तरी चालेल, पण शाळेच्या कपाटात कुलूप लागलं की परत तेच. तेवढं बघा.

माझी दुसरी पेटी कुणाच्याच नावावर नव्हती, गडबडीत यादी करायची राहिली होती. ती मे महिन्यात परत आली तेव्हा तिच्यात बाजरीचं पीठ होतं. चाळीसपैकी अकरा पुस्तकं पिठाखाली. त्यातल्या एका मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाच्या समासांत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन्सिलीने हिशेब मांडलेले. खेपा, टन, भाव, उचल वजा, बाकी. सुरुवातीचं अक्षर मोठ्या माणसाचं आणि हातचे चुकलेले. मधल्या पानांपासून अक्षर बदलतं, लहान मुलाचं होतं, आणि बेरजा बरोबर येतात. लिपिकांनी ते पुस्तक बाद करायला काढलं होतं. मी त्याला नवा पुठ्ठा घातला आणि तिसऱ्या कपाटात ठेवलं.